हाक गेली

६ जानेवारी २०२५, सोमवार

सकाळी अकराला अभिमन्यूचा फोन. एरवी मेसेजवर भागवणारा मालक फोन करतो तेव्हा अर्धं तिथंच कळतं. म्हणाला, "अजिंक्य, 'बोल' आता एकाच कोडवर आणायचं ठरलंय. अँड्रॉइडचं वेगळं, आयफोनचं वेगळं, आपल्याला चार माणसांत झेपत नाही." मी म्हटलं, "बरं."

'बोल' म्हणजे ज्यांची वाचा गेली त्यांच्यासाठीचं ॲप. शब्दांच्या पाट्या दाबायच्या किंवा टाइप करायचं, फोन मोठ्यानं बोलतो. अँड्रॉइडचं सगळं मी एकट्यानं लिहिलं. सात वर्षं, त्यातली चार याच जुळे सोलापुरातल्या खोलीत बसून. आयफोनचं लिहिणारा मुलगा गेल्या वर्षी सोडून गेला, तेव्हापासून ते तसंच पडलंय. आता पुण्याच्या ऑफिसातली ऋतुजा दोन्हीकडं चालेल असं एकच लिहिणार, कच्चं तिनं आधीच करून ठेवलंय. माझं काम तिला जुना कोड समजावून सांगणं, आणि नवीन तयार होईल तसं माणसांकडून वापरून घेणं.

माझं मत अभिमन्यूला माहीत आहे. ज्या फोनसाठी लिहायचं त्याच्याच भाषेत लिहावं. मध्ये दुभाषा आला की वेळ जातो आणि फोनच्या बारीकसारीक खोडी त्याच्या कानावर पडत नाहीत. दोन सेकंद थांबून बोलणारा फोन मुक्या माणसाच्या काय कामाचा? पण हे मी बोललो नाही. "बरं" एवढंच.

फोन ठेवल्यावर हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. कुणाला, ते सुचेना. रेश्माला सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, वेगळं होऊन चार वर्षं झाली. म्हणून ही वही काढली.

९ जानेवारी, गुरुवार

ऋतुजाशी दीड तास कॉल. सव्वीस वर्षांची आहे, श्रीपूरची, साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. भराभर विचारते. "सर, इथं असं का केलंय?" "सर, हे काढलं तर काय होईल?" विचारलं तेवढं नीट सांगितलं.

'जागल्या' नावाची माझी एक फाइल आहे. काही फोन बॅटरी वाचवायला म्हणून न वापरलेली ॲपं झोपवून टाकतात. ही फाइल 'बोल'ला झोपू देत नाही. फाइल छोटी आहे, पण तिच्यावर मी एक अख्खा उन्हाळा घालवलाय. ऋतुजा तिच्यावरून सरळ खाली गेली. म्हटलं, विचारेल तेव्हा सांगू.

शेवटी म्हणाली, "सर, जेवलात का?" अडीच वाजले होते. जेवलो म्हणून सांगितलं. ऑफिसात राहून अशी उगीच विचारायची सवय लागते माणसांना.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गड्ड्याची जत्रा भरलीय. गर्दीचा आवाज खिडकीपर्यंत येत नाही, पण रस्त्यावरून सजूनधजून जाणारी माणसं दिसतात. दिवसभरात पहिला शब्द बोललो तो दुपारी चारला, दही घेताना. "अर्धा किलो."

घरी येऊन नव्या ॲपची पाटी दाबून बघितली. खोलीत बाईचा आवाज आला, "पाणी हवं." उठून पाणी प्यालो.

१८ जानेवारी, शनिवार

अक्कलकोटला जाऊन आलो. नीलम्मा अक्का आमचं ॲप पहिल्यापासून वापरतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होत्या. स्टँडवरच्या गाड्या मराठीत आणि कानडीत पुकारायच्या. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत घशाचा कॅन्सर झाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्यात पिशवी, पिशवीत फोन. मुलगी सिद्धेश्वरी बंगळूरला नोकरीला. अक्का एकट्याच राहतात.

शेजारी गौरम्मा. ती कडक भाकऱ्या करून विकते. तिच्याही फोनवर 'बोल' आहे, कारण अक्कांनी 'हाक'ची लाल पाटी दाबली की गौरम्माचा फोन मोठ्यानं वाजतो. अक्कांना ओरडता येत नाही, म्हणून ही सोय मी मुद्दाम केली होती.

दोघींच्या फोनवर नवीन ॲप घातलं आणि हातात घड्याळ घेऊन मोजलं. अक्कांचा फोन पाच वर्षांपूर्वीचा. जुनं ॲप पाटी दाबली की लगेच बोलायचं. नवीन जवळजवळ एक सेकंद घेतं. वीस वेळा मोजलं, वीसही आकडे लिहून घेतले.

अक्का टाइप करून म्हणाल्या, "आवाज तोच ठेवला का? ही बाई स्टँडवर असती तर निम्मी माणसं सोलापूरऐवजी दुधनीला गेली असती." गौरम्मा पीठभरल्या हातानं तोंड झाकून हसली. मीही हसलो. निघताना गौरम्मानं दहा भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बांधून दिली. "पुढच्या शनवारी येनार की? मोजायचं ऱ्हायलं असंल काय तरी."

मी म्हटलं, अजून बरंच मोजायचंय.

२० जानेवारी, सोमवार

ऋतुजाला सगळे आकडे पाठवले, तक्ता करून. तासाभरानं उत्तर आलं: "थँक्यू सर, हे कमी करते. अक्कांना कुठलं जास्त आवडलं?"

हे विचारायचं राहिलं होतं. मला वाटतं यात विचारण्यासारखं काही नाही.

२५ जानेवारी, शनिवार

विचारलं. अक्कांनी बराच वेळ टाइप केलं. "नवीन. सिद्धूकडं आयफोन. आता माझ्या पाट्या तिच्याकडं दिसतात. ती तिथून नवे शब्द घालते. काल 'चल, फिरून ये' अशी पाटी घातली. दाबली की मलाच सांगते."

मी म्हटलं, "पण अक्का, उशिरा बोलतं की."

"सिद्धू थांबते ना, मी बोलेपर्यंत." मग अजून एकदा दाबलं, "थांबते ती."

जुन्यात ही सोय मी देऊ शकलो नसतो असं नाही. पण आयफोनच्या बाजूला लिहायला कुणी नव्हतं, त्याला माझा काय इलाज?

एक गोष्ट आढळली. निघण्याआधी हाक तपासावी म्हणून अक्कांना पाटी दाबायला सांगितली. त्यांच्या फोनवर 'हाक गेली' असं आलं. भिंतीपलीकडं काहीच वाजलं नाही. जाऊन बघितलं तर गौरम्मा भाकऱ्या थापत होती आणि फोन फळीवर चार्जिंगला. तिनं हात पुसून फोन उचलला, त्याबरोबर वाजला. अकरा मिनिटांनी. म्हणजे तिच्या फोननं ॲप झोपवलं होतं. 'जागल्या' नव्यात आलेला नाही. शिवाय जुन्यात पलीकडं खरोखर वाजल्यावरच 'हाक पोचली' असं दिसायचं. नव्यात नुसतं पाठवलं की 'गेली'.

एकदाच झालंय. नीट खात्री केल्याशिवाय कळवणं बरं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

ऋतुजाचा मेसेज: "सर, शनिवारचं काही? हाक व्यवस्थित जातेय ना?" लिहिलं, "चाचणी चालू आहे, एकत्र कळवतो." खोटं नाही. एका नोंदीवर शंका काढली तर म्हणतील, याला नवीन नकोच आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा अक्कलकोट. हाक तीनदा करून बघितली. एकदा लगेच वाजली, दोनदा नाही. आता पुरावा बऱ्यापैकी जमला.

गौरम्माच्या फोनवर जुनं परत घालावं असं मनात आलं होतं. पण जुनं-नवं एकमेकांशी बोलत नाही, म्हणजे अक्कांचंही काढावं लागलं असतं, आणि सिद्धेश्वरीच्या पाट्या गेल्या असत्या. शिवाय दहा तारखेला ॲपला पैसे देणाऱ्या संस्थेच्या लोकांपुढं प्रात्यक्षिक आहे. सगळ्यांसमोर हाक वाजली नाही तर आपोआपच कळेल. मग अभिमन्यू मलाच विचारेल, हे तुझ्यात कसं चालत होतं. नऊच दिवस तर राहिलेत.

आज मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी चार वाजेपर्यंत बसलो. अक्कांनी सोलापूरच्या गाड्या कशा पुकारायच्या ते टाइप करून दाखवलं. कानडीत आधी, मराठीत नंतर. फोन ते वाचत होता आणि त्या ओठ हलवत होत्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

साडेदहाला अनोळखी नंबर. सिद्धेश्वरी. "आई पडलीय. सोलापूरला आणतायत. मी निघालेय, पण पोचायला संध्याकाळ होईल. तुम्ही सोलापुरातच असता ना? तुमचाच नंबर होता ॲपमध्ये."

मी लगेच गेलो. अक्कांना ॲम्ब्युलन्समधून उतरवत होते. मांडीचं हाड खुब्याशी मोडलंय. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हात पुढं केला. मी धरला. पुढचं आज लिहवत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर गौरम्मा बसलेली, हातापायावर कालचं पीठ तसंच वाळलेलं. तिनं सांगितलं तसं लिहितो.

"सकाळी अक्का मोरीत घसरल्या. मी पाचाला उटून पीठ मळत हुते. फोन फळीवर. वाजला न्हाय की ओ. का वाजला आन् मला ऐकू आला न्हाय? भाकरी थापताना आवाज हुतो, तव्याचा हुतो. नऊला दूध घिऊन गेले तवा कडी आतनं. खिडकीतनं बघितलं तर पाय दिसला. यप्पा! अक्का हाक मारत हुत्या आन् मी हितं पलीकडंच, एका भितीआड, भाकऱ्या मोजत बसले. माजीच चूक हाय."

चूक तिची नाही, हे मी म्हणायला हवं होतं. मी चहा आणायला गेलो.

घरी येऊन सर्व्हरवरच्या नोंदी काढल्या. पहिली हाक सहा चाळीसला, शेवटची आठ छप्पन्नला. एकूण सतरा. पहिल्या चार पाठोपाठ आहेत, नंतर दहा-दहा मिनिटांनी एकेक. प्रत्येकीपुढं 'गेली'. म्हणजे जमिनीवर पडल्या पडल्या त्या दाबत होत्या, फोन गेली म्हणून सांगत होता आणि त्या थांबत होत्या. दुसरं काही, भांडं आपटणं वगैरे, त्यांनी केलं नसेल. हाक गेलीय म्हटल्यावर कशाला करतील?

गौरम्माच्या फोनवर सतराच्या सतरा नऊ वाजून दोन मिनिटांनी पोचल्या. तिनं सिद्धेश्वरीला फोन लावायला हातात घेतला तेव्हा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी नऊला ऋतुजाला फोन केला. मेसेज टाइप केला होता, खोडला. सगळं सांगितलं. जागल्या, पंचवीस तारीख, एक तारीख, मोरी.

तिकडचा कीबोर्डचा आवाज थांबला. मग म्हणाली, "पंचवीसला कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

"एकोणतीसला मी विचारलं होतं, सर."

"हो."

"मला का नाही सांगितलं? मी तुमचं ऐकलं नसतं असं वाटलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "तसं नाही." मग म्हटलं, "प्रात्यक्षिकात कळलं असतं म्हणून." हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला पहिल्यांदा ऐकू आलं. तोवर मी ते मनात कमीत कमी पन्नासदा म्हटलं असेन.

ती रडत होती की रागात होती, कळलं नाही. म्हणाली, "ती फाइल पाठवा. आत्ता. आणि कॉल चालू ठेवा, मी करते, तुम्ही सांगत राहा."

अभिमन्यूला तिनं नाही, मीच सांगितलं. तो ओरडला नाही. "सगळ्यांकडचं नवीन व्हर्शन मागे घेतो. प्रात्यक्षिक रद्द. बाकीचं नंतर बोलू."

११ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कॉल चालू. ऋतुजाचा कोड तसाच ठेवून आत अँड्रॉइडसाठी माझा तुकडा बसवतोय. दोन्ही एकत्र राहू शकतात. हे मला आधीपासून माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. भांडायचं असलं की तेवढं विसरतो माणूस.

'हाक पोचली' परत आणलं. पलीकडं तीस सेकंदांत वाजलं नाही तर अक्कांच्याच फोननं जोरात भोंगा वाजवायचा, ही ऋतुजाची कल्पना. सात वर्षांत मला सुचली नव्हती.

ती आता मोजकं बोलते. जेवलात का विचारत नाही. दुपारी दीडला "अर्धा तास" म्हणून आवाज बंद करते. मी खिडकीशी उभं राहून भाकरी खातो. गौरम्मानं दिलेल्यातल्या शेवटच्या दोन उरल्यात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यात अक्का उशाला टेकून बसल्या होत्या. सिद्धेश्वरी औषधं आणायला खाली गेलेली. गौरम्मा पायाशी. मी उभ्यानंच सांगितलं. गौरम्माचा फोन का वाजला नाही, मला कधी कळलं होतं, मी काय केलं नाही.

अक्कांनी फोन घेतला. "माहीत होतं?"

"हो, अक्का."

"शनिवारी बसला होता तेव्हा?"

"हो."

गौरम्मा उठली. माझ्याकडं बघितलंही नाही. "दहा दिस झाले," एवढंच म्हणाली, "दहा दिस मला अन्न ग्वाड लागंना." आणि बाहेर गेली.

अक्का टाइप करत राहिल्या. मला त्यांचं बोट दिसत होतं, शब्द दिसत नव्हते. लिहिलं, खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. मग एक तयार पाटी दाबली. आवाज आला, "थकले. झोपते."

ती पाटी मीच केलेली. कुणाला नको असलेली माणसं घरी बसली तर उठवता यावीत म्हणून. तेव्हा अभिमन्यू आणि मी खूप हसलो होतो.

जिन्यात गौरम्मा भिंतीकडं तोंड करून उभी होती. मी शेजारून खाली आलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुरुस्त केलेलं आज सगळ्यांकडं गेलं. पंधरा प्रकारच्या फोनवर बघितलं, तासन् तास झोपवून ठेवून. प्रत्येक हाक पोचली.

अभिमन्यू म्हणाला, "मार्चअखेर तुझं काम थांबवू, अजिंक्य. कोडचा प्रश्न नाही." मी म्हटलं, "बरं." मग फोन ठेवायच्या आत म्हटलं, "बरोबर आहे तुझं."

तीननंतर ऋतुजाचा मेसेज आला. "सर, जागल्याच्या फाइलीत वरती तुमचं नाव होतं ते तसंच ठेवलंय." संध्याकाळी लिहिलं, "जेवलीस का?" लिहून झाल्यावर घड्याळ बघितलं, सहा वाजले होते. तिनं हसणारं तोंड पाठवलं. रागावलेली नसावी, किंवा असेल.

१ मार्च, शनिवार

अक्कांना सिद्धेश्वरी बंगळूरला घेऊन गेली. अक्कलकोटचं घर बंद. आता एकटं ठेवायची तिची तयारी नाही आणि अक्कांना वॉकरशिवाय उभं राहता येत नाही. मी स्टेशनवर गेलो होतो. जावं की न जावं यात सकाळ गेली, गाडी सुटायला दहा मिनिटं असताना पोचलो.

अक्का खिडकीशी होत्या. फलाटावर आपल्या ॲपच्या नाही, रेल्वेच्या बाईचा आवाज चालला होता, गाडीचा नंबर, मार्ग. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला बघून फोन काढला. मी 'थकले'ची वाट बघत होतो.

"पडले तेव्हा वाटलं गौरी रुसली का माझ्यावर. दोन तास तेच वाटत होतं. पायापेक्षा ते."

मी खिडकीचा गज धरला.

"तुम्ही तिच्याकडं जा. ती एकटी आहे आता."

गाडी हलली. सिद्धेश्वरीनं हात केला. अक्कांनी केला नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, माझ्या पलीकडं.

८ मार्च, शनिवार

सकाळच्या एसटीनं अक्कलकोटला गेलो. बॅगेत काही नव्हतं, लॅपटॉपही नाही, त्यामुळं सारखं काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. बसमध्ये दोनदा परत फिरावंसं वाटलं.

अक्कांच्या दाराला कुलूप. शेजारचं दार उघडं. गौरम्मा चुलीपुढं, थापटण्याचा आवाज चालू. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. तिनं बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. एक भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. दुसरी घेतली. मी चपला काढल्या नव्हत्या. किती वेळ गेला मोजला नाही.

शेवटी मान वर न करता म्हणाली, "फोन तितं फळीवर हाय. बगा आन् जावा."

मी म्हटलं, "फोन बघायला नाही आलो."

"मग कशाला आलाव?"

याचं उत्तर मी बसमध्ये दोन-तीन प्रकारे तयार केलं होतं. त्यातलं एकही दिलं नाही. म्हटलं, "असंच. घरी कुणी नसतं."

तिचे हात थांबले. पिठाच्या परातीकडं बघत राहिली. बाहेर एक रिक्षा उभी राहिली, निघून गेली. मग तिनं पायानं पाट पुढं सरकवला, माझ्याकडं नाही, साधारण माझ्या दिशेनं.

"बसा मग," म्हणाली, आणि पुढची भाकरी थापायला घेतली.